पुढचं एक चाक

चाक आधी कानाने तपासायचं आणि मग डोळ्याने, ही सवय मला नोकरीने लावली. मिरज जंक्शनवर मी सी अँड डब्ल्यूत होतो, म्हणजे डबे आणि वाघिणी तपासणाऱ्या खात्यात. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि चाकामागून चाकावर ठोका टाकायचा. धड चाक खणखणीत वाजतं, त्याचा नाद थोडा रेंगाळतो. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. आमच्यातले जुने टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासनीस, रात्री दोन वाजता, भर पावसात, शेजारी इंजिन घरघरत असतानाही तो बद्द आवाज ओळखायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही दारावरून भाजीची हातगाडी गेली तरी माझा कान आधी तिच्या चाकाकडे जातो.

म्हणून गेल्या दिवाळीत नातीसाठी तीनचाकी बाबागाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा निवड माझ्याकडे आली. सूनबाईंच्या अटी दोनच होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ बाळाला पायी फिरवता आलं पाहिजे, आणि आठ हजारांच्या वर जायचं नाही. मी पंधरा दिवस दुकानं पालथी घातली. सांगलीला दोनदा गेलो, कोल्हापूरला एकदा. त्या पंधरा दिवसांत ही वस्तू मला जितकी कळत गेली तितकी ती आवडत गेली. आमचं गाव मैफलीचं. इथे तंबोऱ्याच्या जवारीवर माणसं तास तास बोलतात, आणि ऐकणारे उठून जात नाहीत. तेवढ्याच आस्थेने एखाद्या चांगल्या चाकावर बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

बाबागाडी हा शब्दच किती छान आहे बघा. मराठीत तान्ह्या पोराला आपण बाबा म्हणतो आणि बापालाही बाबाच म्हणतो. बसणारा बाबा आणि ढकलणारा बाबा, दोघांचीही गाडी. मुलगी असली तरी शब्द बदलत नाही. आमच्या लहानपणी मात्र ही वस्तू आमच्या गल्लीत नव्हती. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात कधीतरी एखादी दिसायची, उंच चाकांची, काळ्या टपाची. आम्ही पोरं कुंपणाबाहेरून बघत उभी राहायचो. आमची वाढ कडेवर, झोळीत आणि आजोबांच्या खांद्यावर झाली.

पण तीन चाकं आमच्याही घरात होती. पांगुळगाडा.

तो अजून माझ्याकडे आहे, माळ्यावरून काढून आत्ता समोर ठेवलाय. खाली लाकडाचा त्रिकोण. मागच्या दोन कोपऱ्यांना दोन चाकं, पुढच्या टोकाला एक. त्रिकोणावर दोन उभे दांडे आणि त्यांच्यावर आडवी मूठ, साधारण वर्षाच्या पोराच्या छातीइतक्या उंचीवर. मूठ खरादावर फिरवलेली आहे, मधे किंचित फुगीर आणि टोकांना बारीक, म्हणजे लहान पंजा घसरत घसरत आपोआप मधे येतो. लाखेचा लाल-पिवळा रंग मधल्या वीतभर जागेत पार उडालाय, खालचं लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालंय. तिथे माझे हात होते, माझ्या भावांचे होते, नंतर माझ्या मुलाचे. टोकांचा रंग मात्र काल दिल्यासारखा आहे. असा पांगुळगाडा सावंतवाडीच्या चितार आळीत मिळायचा, जत्रेत मिळायचा आणि गावच्या सुताराकडेही मिळायचा. आमचा सुताराकडचा.

त्याचं खरं शहाणपण त्याच्या चाकात आहे. लाकडी चाक, लाकडी आस, मधे ना बेअरिंग ना वंगण. त्यामुळे तो जरा जड चालतो, कुरकुरतो. मी एकदा त्याला खोबरेल लावायला गेलो तर आई ओरडली होती, “तेल लावू नकोस रे, गाडा पुढं पळंल आणि पोर तोंडावर पडंल.” तेव्हा मला तो हट्ट वाटला. पुढे नोकरीत चाकं कळायला लागल्यावर समजलं की तो जडपणा हाच त्या गाड्याचा ब्रेक आहे. पोराने एक पाऊल टाकलं की गाडा एक पाऊल जातो आणि तिथेच थांबतो. पोर स्वतःच्या पायावर उभं असतं, तोल त्याचा त्यालाच सांभाळायचा असतो, गाडा फक्त हाताला आधार देतो. आजकाल भेट म्हणून येतात ते गोल प्लॅस्टिकचे वॉकर याच्या अगदी उलटे. त्यात बाळ मधे अडकून बसतं, चवड्यांवर ढकलत सुटतं, क्षणात जिन्यापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही ते वापरू नका असंच सांगतात. पांगुळगाडा हा शब्द मराठीत आपण दुबळेपणासाठी वापरतो, कोणाला कसला पांगुळगाडा लागतो म्हणून हिणवतो. शब्दावर तो अन्याय आहे. पांगुळगाडा सोडायला शिकवतो.

आता तीनच चाकं का? चौथं लावायला सुताराला लाकूड कमी पडत नव्हतं. चूल तीन दगडांची असते, तिवई तीन पायांची असते, त्याचं जे कारण तेच याचं. तीन टेकू कितीही वेड्यावाकड्या जमिनीवर ठेवा, तिन्ही टेकतात. चार ठेवले तर एक अधांतरी राहण्याचीच शक्यता जास्त. चौरंग डुगडुगतो आणि आपण त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवतो, तिवईला ते कधी करावं लागत नाही. शेणाने सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर चालणाऱ्या गाड्याला तीन चाकं देणाऱ्या सुताराने भूमिती पुस्तकातून शिकलेली नव्हती. दुकानातली चारचाकी बाबागाडी रस्त्यावर आणली की नेमकं तेच होतं. एक चाक पेव्हर ब्लॉकच्या खाचेत, एक अधांतरी, आणि सगळा सांगाडा पिळवटतो. तो पीळ रोज बसत गेला की सांधे सैल होतात. तीनचाकीच्या सांगाड्याला हा पीळ फारसा बसत नाही, म्हणून हलक्या, स्वस्त सांगाड्यातही ती जास्त टिकते. कमी पैशांत गाडी शोधणाऱ्याला हे आधी ठाऊक हवं.

विलायतेत बाबागाडीचा प्रवास उलट्या दिशेने झाला, शोभेकडून उपयोगाकडे. १७३३ साली विल्यम केंट नावाच्या वास्तुकाराने एका ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली, ती बोकडाने किंवा छोट्या घोड्याने ओढायची होती. शोभेची वस्तू. तिथून दोनशे वर्षं गाडी जडच राहिली. १९६५ साली ओवेन मॅक्लॅरेन या निवृत्त विमान-अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी अॅल्युमिनियमची गाडी रचली, वजन तीन किलोच्या आत. हे गृहस्थ युद्धकाळातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेले. मुलगी नातवंडाला घेऊन मॉस्कोहून आली, तिची अवजड गाडी बघून आजोबा कामाला लागले. ही हकीकत वाचली तेव्हा मला फार जवळची वाटली. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या फिल बेकलर या वृत्तपत्रात काम करणाऱ्या बापाला पोराला घेऊन पळायला जायचं होतं. त्याने साध्या बाबागाडीला सायकलची तीन चाकं लावली. आजच्या सगळ्या मोठ्या चाकांच्या तीनचाकी गाड्या त्या एका जुगाडाच्या लेकी.

सायकलचं चाक का, तेही सांगतो, कारण सगळा रस इथे आहे. चाक जितकं मोठं तितकं ते अडथळ्यावर सहज चढतं. समजा, रस्त्यात दोन सेंटीमीटरची कडा आली. पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला ती चढायला जो जोर लागतो, तो तीस सेंटीमीटरच्या चाकाला लागणाऱ्या जोराच्या दीडपटीहून जास्त असतो. बैलगाडीची चाकं पुरुषभर उंच असायची ती काय हौस म्हणून नव्हे. आमच्या गल्लीतून गणेश तलावापर्यंत जायचं तर वाटेत दोन गटारावरच्या जाळ्या, तीन स्पीडब्रेकर, एक खणून पुन्हा बुजवलेला चर आणि ठिकठिकाणी निघालेली खडी. लहान चाक जाळीच्या फटीत सरळ खाली जातं. गाडी जागच्या जागी थांबते आणि बाळ पट्ट्यात पुढे फेकलं जातं. मोठ्या चाकाखाली जाळी आली तर नुसता खर्रर्र आवाज येतो.

थोरल्या नातवाच्या वेळी आम्ही हे शिकलो. तेव्हा घाईत, दिसायला देखणी, छोट्या चाकांची गाडी एका दुकानातून आणली होती. चौथ्या महिन्यात पुढच्या चाकाचा प्लॅस्टिकचा चिमटा मोडला. पोराला इजा झाली नाही, पण त्या दिवशी भर रस्त्यातून एका हातात पोर आणि एका हातात गाडी असा मी घरी आलो, ते विसरलेलो नाही.

दुकानात गाडी बघताना आधी ती उचलून मागची चाकं हाताने फिरवा. चांगलं चाक बराच वेळ फिरतं आणि हळू हळू, न अडखळता थांबतं. कुठेतरी एकाच जागी येऊन थबकत असेल तर काहीतरी वाकडं आहे. मग चाक बोटांत धरून डाव्या-उजव्या अंगाला हलवा. केसभर खेळ चालतो, कटकट वाजता कामा नये. पुढचं चाक मात्र निवांत बघावं, कारण तीनचाकी गाडीचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या एका चाकात असतं. ते उभ्या खिळीभोवती वळतं. नीट पाहिलं तर दिसेल की चाक खिळीच्या बरोबर खाली नसतं, थोडं मागे ओढलेलं असतं. म्हणून गाडी ढकलली की चाक नेमकं तिच्या दिशेला येतं, हाताला धरून नेलेल्या पोरासारखं. हे अंतर फार कमी असलं की चाक गोंधळतं आणि जरा वेग घेतला की फडफडायला लागतं. ही फडफड दुकानाच्या टाइल्सवर कळत नाही. रस्त्यावर कळते. चांगल्या गाडीत हे चाक सरळ ठेवून अडकवायची कळ असते. गल्लीबोळात मोकळं ठेवायचं, लांब सरळ रस्त्यावर किंवा खडीवर अडकवायचं. कळ नसेल तर ती गाडी रोजच्या फिरण्याची नव्हे.

एका दुकानदाराने मला काळजीने विचारलं, “आजोबा, चार चाकांची न्या की. तीनवर कलंडंल.” त्याची शंका रास्त होती. तीनचाकी गाडीचा पाया त्रिकोणी असतो, म्हणून पुढे, एका अंगाला भार गेला की ती चारचाकीपेक्षा लवकर कलते. हा तिचा खरा दोष आहे आणि तो लपवू नये. त्यावर उतारा रचनेतच असतो. बाळाची बैठक मागच्या आसाच्या जवळ आणि जमिनीच्या जवळ हवी, मागची दोन चाकं एकमेकांपासून जितकी दूर तितकं बरं. आमच्या मिरजेला हे वेगळं सांगायला नको. काही वर्षं इथे तिन्ही रुंदीचे रूळ एकाच वेळी होते, साडेपाच फुटी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. ही नॅरोगेज १९२७ साली पंढरपूरहून मिरजेला आली. बार्शी लाइट रेल्वे उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा आग्रह होता की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, मग ते इंजिन असो की वाघीण. भार सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही जड माल सुखाने जातो. अडीच फुटांवर पंढरीचे वारकरी भरून जाणारी ती गाडी मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. अरुंद म्हणून ती कधी भित्री वाटली नाही.

बाबागाडीतही भाराची वाटणीच बघायची. बाळाला बसवा, पट्टा लावा आणि मूठ हलकेच खाली दाबा. पुढचं चाक सहज उचललं गेलं पाहिजे, कारण उंबरा आणि फुटपाथ याच युक्तीने चढायचे असतात. पण हात काढल्यावर, बाळ मागे रेललं म्हणून ते आपोआप उचललं जात असेल तर ती गाडी घेऊ नका. आणि चांगली गाडी घेतल्यावरही मुठीला भाजीची पिशवी अडकवू नका. लक्ष्मी मार्केटमधून येताना हा मोह होतो, मलाही झाला. दोन किलो बटाटे मुठीला आणि आठ किलोचं बाळ आत, अशा गाडीतून बाळ उचललं की गाडी मागे उलटते. पिशवी खालच्या जाळीत ठेवायची.

पट्टा पाच टोकांचा हवा, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. ब्रेक एका पायाने, चप्पल घातलेल्या पायाने लागला पाहिजे, आणि सुटलाही पाहिजे. मी तो कृष्णा घाटाकडच्या उतारावर तपासला, गाडीत बाळाऐवजी दहा किलो तांदळाची पिशवी बांधून. मूठ ढकलणाऱ्याच्या कमरेच्या जरा वर यावी. आमच्याकडे मी उंच आणि बायको ठेंगणी, म्हणून वर-खाली होणारी मूठ घेतली. बाळ मान धरून नीट बसायला लागेपर्यंत, साधारण सहा महिन्यांपर्यंत, त्याला अशा उभट गाडीत बसवू नये. पूर्ण आडवी होणारी बैठक असेल तर गोष्ट वेगळी.

टायर हवेचे घ्यावेत की भरीव, यावर मी बराच विचार केला. भरीव फोमचे टायर पंक्चर होत नाहीत, वजनाला हलके, किंमतही कमी. हवेचा टायर दणका खातो आणि बाळाच्या पाठीपर्यंत पोहोचू देत नाही. मी हवेचे घेतले. मागच्या टायरवर साडेबारा इंची माप छापलेलं दिसलं, म्हणजे लहान मुलांच्या सायकलचंच. टायर-ट्यूब आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळते, पंक्चर तोच काढतो. जी वस्तू आपल्या गल्लीत दुरुस्त होते तीच खरी स्वस्त, असं माझं स्पष्ट मत आहे. चहाचा पेला ठेवायची खोबण, खेळण्यांचा ट्रे, गाणी वाजवणारं बटण, हे सगळं ज्या गाडीत होतं तिची चाकं मी पाहिली तितक्या ठिकाणी हिणकसच निघाली. पैसे कुठेतरी वाचवलेले असतातच. ते कुठे वाचवलेत ते शोधायचं.

रोजच्या फेरीत आम्ही सतारमेकर गल्लीतून जातो. फार पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दारात भोपळे वाळत पडलेले असतात. एक ओळखीचे कारागीर नातीला बघून बाहेर येतात. परवा त्यांनी गाडीची मूठ धरून ती पुढे-मागे केली, वाकून चाकाजवळ कान नेला आणि म्हणाले, “बोलत नाही. चांगली आहे.” मी पंधरा दिवसांत जे शोधलं ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं. पुढे गेल्यावर नात टपाखालून मान काढून मागे बघत होती. गाडी खडीवर आली की ती आ करून एकसुरी आवाज काढते आणि चाकांच्या थरथरीने तो आवाज कापरा होतो. तिला तो खेळ फार आवडतो. मी मुद्दाम खडीवरून नेतो.

उन्हाळ्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. ऊन लागू नये म्हणून अख्खी गाडी दुपट्ट्याने झाकलेली मी पुष्कळदा पाहतो. झाकू नका. आत हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा जास्त उकडतं. टप पुढे ओढा, सावलीची बाजू धरा, नाहीतर ऊन उतरल्यावर निघा.

आमची गाडी सात हजार दोनशेला पडली. वजन दहा किलो, मागची रुंदी ५९ सेंटीमीटर, आमच्या जुन्या दाराच्या चौकटीतून दोन्ही बाजूंना चार बोटं सोडून जाते. घडी थोडी मोठी होते, रिक्षात पायाशी ठेवावी लागते, एवढीच तिची उणीव. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा बाळाला सोबत न्या, आणि दुकानदाराला सांगा की गाडी बाहेर रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा.